शंभरातले अडतीस

माझ्यावर कोणी पाय पुसले तरी मला राग येत नाही, मित्रांनो. दिसायला मी पायपुसण्यासारखाच आहे. हातभर रुंद, दोन हात लांब, एक कोपरा उंदराने कुरतडलेला, असा गोणपाटाचा एक जुना तुकडा. पण फुलसावंगीजवळच्या एका बंजारा तांड्यात बारा घरांची पेरणी माझ्या एका आकड्यावर अडली होती. तो आकडा सांगताना माझ्या मालकिणीवर काय वेळ आली, ते मी आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म बंगालात, तागाच्या एका गिरणीत झाला. तेव्हा मी अख्खं पोतं होतो. पोटात गहू भरून, रेल्वेने आणि ट्रकने मी यवतमाळ जिल्ह्यात आलो. रिकामा झाल्यावर बारदान्याच्या गठ्ठ्यातून रूपसिंग नावाच्या शेतकऱ्याने मला घरी आणलं. चार वर्षं मी त्यांची तूर सांभाळली. मग एका पावसाळ्यात उंदराने माझं पोट फाडलं आणि रूपसिंग मला चुलीत घालायला निघाले. त्यांच्या बायकोने, हंसाबाईने, मला त्यांच्या हातातून ओढून घेतलं. विळ्याने माझा धडका भाग कापून काढला आणि दाभणाने कडा शिवल्या.

"हा माया कामाचा हाय," ती म्हणाली.

त्या तांड्यात आईला याडी म्हणतात. हंसाबाईला तर सगळा तांडाच याडी म्हणतो. मीही तिला याडीच म्हणतो, आणि आईला कोणी अहो-जाहो करतं का?

माझं काम वर्षातून एकदाच यायचं, पण ते मोठं होतं. वैशाखात याडी मला पाण्यात बुडवायची, पिळायची आणि सावलीत पसरायची. मग साठवलेल्या सोयाबीनच्या पोत्यात हात घालून मूठभर दाणे काढायची. चांगले-वाईट निवडायचे नाहीत, येतील तसे घ्यायचे. दहा ओळी, एका ओळीत दहा दाणे. असे शंभर दाणे मांडले की माझी गुंडाळी करून ती सुतळीने सैल बांधायची आणि मला रांजणाशेजारी ठेवायची. सकाळ-संध्याकाळ पाण्याचा शिपका. दोन दिवसांत दाणे फुगायचे, तिसऱ्या दिवशी साल फुटायची आणि पांढरे कोंब माझ्या धाग्यांत शिरायचे. सातव्या दिवशी याडी मला उलगडून मोजायची. कधी पंच्याऐंशी, कधी अठ्ठ्याऐंशी. शंभरातले सत्तर उगवले तरी बियाणं पेरण्याजोगं असतं. याडीचं त्याच्या कितीतरी वर असायचं.

म्हणून तांड्यातली बारा घरं पेरणीचं बियाणं तिच्याकडून न्यायची आणि पीक आलं की तेवढं परत आणून द्यायची. "याडीचं बियानं म्हनजे डोये मिटून पेरा," असं बाया म्हणायच्या. पुढे पुढे तर आकडा किती आला, हे विचारायचंही त्यांनी सोडून दिलं.

बाकीच्या महिन्यांत मी तिच्या डोक्यावर असायचो. माझी गोल घडी घालून ती चुंबळ करायची आणि तिच्यावर भारे, घागरी वाहायची. म्हणून त्या वर्षी वावरात काय झालं, ते मी अगदी जवळून पाहिलं.

दसरा झाला तरी पाऊस हटत नव्हता. एक दिवस उघाड, दोन दिवस झड. बियाण्याच्या वावरातलं सोयाबीन सोंगून, म्हणजे कापून, गंजी लावली होती, पण ती वरून सुकलेली आणि आतून दमट होती. अशात देवीलालचं मळणीचं मशीन तांड्यावर आलं. पंचक्रोशीत तेवढं एकच मशीन वेळेवर यायचं, म्हणून सगळे देवीलालच्या मागे असत.

याडीने गंजीतून एक शेंग ओढली, दाणा काढला आणि दाढेखाली धरला. वाळलेला दाणा कट्ट वाजून फुटतो. हा वाजला नाही, नुसताच चेपला.

"बियान्याचं आज नोका काढू," ती रूपसिंगांना म्हणाली. "दाना ओला हाय. दोन-चार ऊन लागू द्या."

देवीलाल मशीनवर बसूनच म्हणाला, "मी उद्या दुसऱ्या गावाले चाललो, याडी. मंग पंधरा दिवस माया भरोसा नाई."

रूपसिंगांनी पैनगंगेच्या बाजूला पाहिलं. तिकडून काळे ढग चढत होते.

"गंजीतच सडून जाईन सारं," ते म्हणाले. "आता काढून घेऊ, मंग वाळवू."

"मंग कवा?"

"उद्या ऊन पडीन नं!"

याडी पुढे काही बोलली नाही. तिचं ते गप्प बसणं तिला नंतर किती दिवस छळत राहिलं, ते मला ठाऊक आहे. मशीन जोरात फिरलं. ओले दाणे त्याच्या दात्यांवर आपटून खाली पडत होते. दिसायला पिवळेधमक, पण आत मुका मार बसलेले.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. चौदा पोती घरात एकावर एक रचलेली होती. चौथ्या दिवशी याडीने मधल्या पोत्याचं तोंड सोडलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. तिने तो झटकन बाहेर काढला. आत तापलेल्या लेकराच्या अंगासारखं गरम लागत होतं. तिने तडक दोन पोती जमिनीवर पसरली. तिसऱ्या पोत्याला जागा उरली नाही. उरलेली बारा पोती तिने नुसती उलटीपालटी केली.

सहाव्या दिवशी लख्ख ऊन आलं. सगळं धान्य ताडपत्रीवर वाळलं, त्याचा कुबट वास गेला, दाणा पुन्हा चमकायला लागला.

"पाह्य, काय झालं?" रूपसिंग हसून म्हणाले. "उगाच घाबरत होती."

याडीलाही ते खरं मानायचं होतं. तिने पोती भरली, शिवली आणि फळ्यांवर ठेवली.

वैशाख आला. त्या वर्षी तिने मला पंधरा दिवस उशिरा भिजवलं. रोज माझ्याकडे बघायची आणि दुसऱ्याच कामाला लागायची. शेवटी एका सकाळी तिने शंभर दाणे मांडले. मित्रांनो, मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. दाणे फुगले, पण त्यांत जीव नव्हता. काही बुळबुळीत होऊन माझ्या धाग्यांना चिकटले. काहींवर पांढरी-काळी बुरशी चढली. मी ओल धरून ठेवली होती, माझ्याकडून काही कमी पडलं नव्हतं. पण जे आधीच मेलं होतं, त्याला मी कुठून उठवणार?

सातव्या दिवशी याडीने मला उलगडलं आणि मोजलं. मग खालच्या ओळीपासून वर मोजलं. अडतीस.

"मोजाले चुकली असशीन," रूपसिंग म्हणाले.

तिने मला उकळत्या पाण्यातून काढलं, उन्हात वाळवलं आणि दुसऱ्या पोत्यातले शंभर घेतले. एक्केचाळीस. तिसऱ्या वेळी छत्तीस. यात तीन आठवडे गेले. मृग पंधरा दिवसांवर आला.

रूपसिंगांनी दार ओढून घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "कोनाले सांगू नोको. दिसाले तं सोन्यावानी हाय. नाई उगवलं तं लोक म्हनतीन पाऊस कमी पडला, पाखरानं खाल्लं."

"अन् बाया वावरातून माया तोंडाकडं पाहतीन, तवा मी पाखराकडं बोट दाखवू?"

"इतक्या वर्साचं नाव जाईन तुयं, हंसा."

याडी बराच वेळ माझ्या कुरतडलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवत राहिली.

"जाऊ दे," ती म्हणाली. "माया नावापायी बारा घरचं वावर खाली नाई ठेवनार मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाया कामावर निघायच्या आत, तिने सगळ्यांना सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढच्या ओट्यावर बोलावलं. तिसऱ्या वेळचे दाणे अजून माझ्यातच होते. तिने मला सगळ्यांसमोर उलगडलं. छत्तीस कोंब आणि चौसष्ट कुजके दाणे. वास सुटला. इतक्या लोकांसमोर मी असा कधीच उघडा पडलो नव्हतो. मला वाटलं, हिने मला पटकन गुंडाळावं. पण ती मला सरळ करून, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून उभी राहिली.

"हे माया हातचं बियानं हाय," ती म्हणाली. "तीनदा पाह्यलं. पयल्यांदा अडतीस आले, मंग एक्केचाळीस, काल छत्तीस. हे कोनी पेरू नोका."

मग मागून एक बाई जवळजवळ रडतच म्हणाली, "आता सांगून राह्यली, याडी? मिरग तोंडावर आला!"

"उशीर झाला. माई चूक हाय. भेव वाटत होतं मले, म्हनून पंधरा दिवस पाह्यलंच नाई."

रूपसिंग पिंपळाच्या बुंध्याला टेकून उभे होते. ते तिथून निघून जातील असं मला वाटलं होतं. पण ते पुढे आले आणि ओट्याच्या कडेवर बसले.

"हंसा म्हनत होती दाना ओला हाय," ते खाली बघत म्हणाले. "मशीन लावाची घाई म्या केली. तिच्यावर नोका जाऊ."

तेव्हा कोकिळा बोलली. कोकिळा ही तांड्याच्या टोकाला राहणारी, दोन एकर एकटीने करणारी बाई. जीभ तिखट. त्या हंगामात देवीलालने तिच्या तुकड्यासाठी मशीन वळवायलाही नकार दिला होता.

"माया घरी दोन पोते हाय," ती म्हणाली. "मशीन भेटलं नाई, म्हनून पेंढ्या भितीले उभ्या लावल्या होत्या. पानी आलं का ताडपत्री, ऊन आलं का उघड्या. वाळल्यावर काठीनं झोडपल्या. तवा तुमी सारे हासत होते मले."

याडीने मला तिथेच झटकलं. घरी नेऊन उकळलं, वाळवलं आणि कोकिळाचे शंभर दाणे माझ्यात मांडले. सातव्या दिवशी शहाऐंशी कोंब उभे होते.

दोन पोत्यांत बारा घरांची पेरणी होत नाही. याडीची चौदा पोती तेलासाठी बाजारात गेली आणि लोकांनी दुकानातून पिशव्या आणल्या. पण कोकिळाचं बियाणंही त्यांनी वाटून घेतलं. घराला दहा-दहा किलो. प्रत्येकाने ते दहा-बारा गुंठ्यांत वेगळं पेरायचं आणि पुढच्या वर्षीचं बियाणं त्यातूनच धरायचं, असं ठरलं. कोकिळाने स्वतःसाठीही दहाच किलो ठेवलं.

त्याच पावसाळ्यात कृषी सहायक अर्पिता मॅडम तांड्यावर आल्या. त्यांच्याकडे दाण्यातला ओलावा मोजायचं हातात मावेल एवढं यंत्र होतं. त्या म्हणाल्या, "दाणा जिवंत असतो. ओला असला की जोरात श्वास घेतो, तापतो, बुरशी धरतो. नंतर तुम्ही कितीही वाळवा, गेलेला जीव परत येत नाही. पोत्यात भरताना ओलावा बारा टक्क्यांच्या आत पाहिजे. आणि जे वाळवायचं, ते लगेच. चार दिवसांनी नाही." ते यंत्र त्यांनी हंगामापुरतं बायांच्या गटाकडे ठेवलं.

मग आला पुढचा दसरा. तुम्हाला वाटेल, या वेळी पावसाने दया केली असेल. नाही. सोंगणी झाली आणि तिसऱ्या दिवशी आभाळ भरलं. देवीलाल मशीन घेऊन आला आणि नेहमीसारखा म्हणाला, "आज काढाचं तं काढा. उद्या मी नाई."

याडी काही बोलायच्या आधी रूपसिंग उठले.

"विकाचं हाय ते काढ," ते म्हणाले. "बियान्याच्या पट्ट्याले हात लावू नोको. तिचे दात हो म्हनतीन तवा निंघन ते."

"मी थांबत नसतो, भाऊ."

"तं जाय."

बारा घरांच्या पट्ट्यांवरच्या पेंढ्या त्या दुपारी समाजमंदिरात आल्या. मी याडीच्या डोक्यावर होतो. किती खेपा झाल्या, ते मी मोजलं नाही. पण संध्याकाळी माझ्या घडीला तिच्या घामाने आणि पावसाने पीळ पडला होता. पेंढ्या भिंतींना उभ्या लावल्या, आडव्या रचल्या नाहीत. दारं-खिडक्या सताड उघडी ठेवली. पाच दिवस झड होती. उघाड दिसली की पेंढ्या बाहेर, थेंब आला की आत. कधी दिवसातून तीनदा. रूपसिंगांचा ताडपत्री ओढून ओढून खांदा सुजला, तरी ते दुसऱ्याच्या हातात दोरी देईनात. एका दुपारी पेंढ्या बाहेर काढल्या आणि लगेच सर आली, तेव्हा एक बाई चिखलातच बसली. कोकिळाने तिला दंडाला धरून उठवलं आणि म्हणाली, "बसशीन तं मले तुयी पेंढी उचला लागते. ऊठ."

सहाव्या दिवशी ऊन लागलं. आठव्या दिवशी दाणा याडीच्या दाढेखाली कट्ट वाजला. मग काठ्यांनी झोडपणी झाली. दाणे पातळ पसरले. दर तासाला बाया त्यात पाय ओढत फिरायच्या, म्हणजे खालचा दाणा वर यायचा. यंत्राने पंधरा दाखवले, मग दुसऱ्या दिवशी कलत्या उन्हात तेरा.

"बस झालं नं आता," कोकिळाच म्हणाली. तिच्या तळपायांना फोड आले होते. "एक-दीडानं काय होते? भरून टाकू. आभाळ पुन्हा येऊन राह्यलं."

सगळ्या याडीकडे बघू लागल्या. तिने एक दाणा तोंडात टाकला आणि हळूच चावला.

"नाई," ती म्हणाली. "मागच्या वर्सी मी गप बसली. यंदा नाई बसनार. आज झाकून ठेवू. एक ऊन अजून."

कोणी आनंदाने ऐकलं नाही. पण ढीग आत गेला, पातळ पसरला, आणि सकाळी पुन्हा बाहेर आला. ढग आले, दोन थेंब टाकून गेले. ऊन पडलं. संध्याकाळी यंत्राने अकरा दाखवले. मग नव्या पोत्यांत बियाणं भरलं, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून ठेवलं. चारापेक्षा जास्त थर रचले नाहीत.

वैशाखात मला ओट्यावरच भिजवलं गेलं. दाणे बारा घरांच्या हातांनी मांडले. सातव्या दिवशी प्रत्येक बाईने एकेक ओळ मोजली, उरलेल्या दोघींनी पुन्हा पडताळली. चौऱ्याऐंशी. रूपसिंगांनी आकडा ऐकला आणि ते तिफण काढायला गेले.

त्यानंतर घरोघरी गोणपाटाचे तुकडे आले. आता प्रत्येक घर आपलं बियाणं आपणच पाहतं. माझे धागे विरले आहेत. मधोमध दोन भोकं पडली आहेत, त्यातून दाणे गळतात. याडीने माझ्याशेजारी एक नवा तुकडा शिवून ठेवला आहे, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण यंदाच्या वैशाखात जे घडलं, ते पाहायला मी होतो, याचं मला फार समाधान आहे.

भर दुपारी कोकिळा ओट्यावर आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. आपला गोणपाट तिने सगळ्यांसमोर पसरला आणि म्हणाली, "माये यंदा बावन्न. सोंगनीले उशीर केला मी, शेंगा वावरातच भिजल्या. पेरनीचं नाई हे."

ओट्यावर बसलेल्यांपैकी कोणी तिला हसलं नाही. याडी थोडी सरकली आणि तिला बसायला जागा केली.

"तुले किती लागते?" तिने विचारलं.

"साठ किलो."

"माये दहा घे," एक बाई म्हणाली. "माये बी दहा," दुसरी म्हणाली. सहाव्या बाईपाशी साठ पुरे झाले.

मित्रांनो, मळणीला घाई करू नका आणि वाळवणीला उशीर करू नका. ओलं बियाणं पोत्यात कोंडू नका, त्याचा जीव गुदमरतो. पेरणीआधी माझ्यासारखा एखादा तुकडा भिजवा, शंभर दाणे मांडा आणि सात दिवस धीर धरा. आणि आकडा कमी आला, तर तो घरात दडवून ठेवू नका. मृगाला अजून दिवस आहेत तोवरच, चारचौघांत जाऊन मोठ्याने सांगा.